सगळ्यांना दाखवलेला रिपोर्ट

"रिपोर्ट आला की लगेच दाखवा," असं कल्याणचे दुर्बिणीचे डॉक्टर म्हणाले होते. कुणाला, ते म्हणाले नव्हते. शिकलेली माणसं असं अर्धं बोलतात आणि बाकीचं समोरच्याने समजून घ्यावं म्हणतात. देवरामच्या घरात तेवढी समज एकट्या हौसाला होती, आणि हौसाला विचारतो कोण.

दुखणं सुरू झालं दोन हजार दोनच्या गणपतीत. किन्हवलीजवळच्या पाड्यातला देवराम म्हणजे चार एकर भातखाचरांचा धनी, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. त्याने मोदकाचा घास गिळला तो छातीच्या खाली नि पोटाच्या वर अडून बसला. वर पाणी ओतलं तेव्हा कुठे सरकला. नवरात्रात भाकरी अडायला लागली, दिवाळीत भात. खाचरं कापणीला आली तेव्हा भात पिकवणाऱ्यालाच भात जाईना, आणि कमरेचा करगोटा दुसऱ्यांदा गाठ मारून आवळावा लागला. गाठ हौसानेच मारली. नवऱ्याच्या कमरेचा घेर बायकोइतका कुणाला ठाऊक असतो? गाठीच्या पुढे उरलेला दोरा तिने दोन बोटांनी मापून ठेवला.

किन्हवलीच्या डॉक्टरांनी आधी पित्त म्हणून पातळ औषध दिलं, मग कल्याणला पाठवलं. तिथे तोंडातून नळी घालून आत बघितलं, चिमटीएवढा तुकडा काढला, आणि काय दिसलं त्याचा एक कागद हातात दिला. "गाठ आहे मावशी. तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे, मग बोलू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यापुढे ते वरचं अर्धं वाक्य. हौसा तेव्हा आत होती. जावई मितेश खाली मोटारसायकलला सावली शोधत होता.

देवराम-हौसाला मुलगा नव्हता. एकुलती नम्रता, ती मुरबाडला दिलेली. मितेश एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. पण त्याआधी दीड वर्ष तो एका मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिला होता, आणि त्या दीड वर्षाचं पीक तो जन्मभर काढत होता. कुणी शिंकलं तरी तो गोळीचं नाव इंग्रजीत सांगे. खिशाला दोन पेनं असत, एक लिहायला आणि एक दिसायला. त्या बाजूला जावयाला पहिलं ताट, भिंतीकडचा पाट, आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत. पाट आणि ताट देऊन माणूस बिघडत नाही. बिघडतो तो तिसऱ्या गोष्टीने.

रिपोर्ट आणायला तोच गेला, आणि 'दाखवा'चा पहिला मान त्याने स्वतःकडेच घेतला. पडवीत खुर्ची मांडली, चहा आला, मग कागद उलगडला गेला. ओळखीच्या शब्दावर तो थांबे. अनोळखी शब्द आला की चिखलाची खाच ओलांडावी तसा टुणकन पलीकडे.

"कार्डिया," शेवटी तो म्हणाला. "मामी, हे हार्टचं हाय."

"म्हंजे?"

"हृदय. आमच्या दुकानात कार्डियाकच्या गोळ्यांचा कप्पाच वेगळा होता."

"डॉक्टर तर गाठ बोलले."

"गाठ नाय, ब्लॉक. हार्टमधी ब्लॉक असतो. तुमाला समजावं म्हणून गाठ बोलले असतील."

नम्रता त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. दहावीपर्यंत गेलेली पोरगी, तिने कागदावर बोट ठेवलं. "आणि अहो, हा लांबलचक शब्द? कार्डियाच्या आधीचा?"

"एडिनो... एडिनो ती लहान पोरांच्या नाकातली गाठ. किरकोळ असते. पुढचं कार्सि-बिर्सि, ते पण 'कार'नेच सुरू होतंय, म्हंजे परत हार्टच. तू चहात साखर टाकलीस का नाय?"

देवराम खांबाला टेकून ऐकत होता. "घास पोटाच्या तोंडाशी अडतो, जावयबापू. मी काय हृदयाने जेवतो?"

"मामा, तुमी जास्त बोलू नका. ताण येतो."

देवराम गप्प बसला, कारण जावयाचा शब्द. हौसानेही त्याच कारणासाठी तोंड मिटलं आणि साखरेचा डबा आणायला आत गेली. ते तोंड मिटणं पुढे तिला किती चावेल, हे त्या वेळी साखरेच्या डब्याला तरी काय माहीत.

त्या दिवसापासून देवरामचं हृदय घरातल्या पाहुण्यासारखं झालं. त्याला काही लागता कामा नये, त्याच्यासमोर मोठ्याने बोलता कामा नये. बांधावर जाणं बंद, भाऊबंदांशी भांडण बंद, तेल बंद, लोणचं बंद. जे थोडंफार घशाखाली उतरत होतं तेही पथ्यात गेलं. पंधरा दिवसांनी मितेशने त्याला कल्याणला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. निघताना सगळ्यांना बजावलं, "आपण कायबी सांगायचं नाय. रिपोर्ट काढायचा नाय. त्याला ओळखू दे, मग खरा डॉक्टर." भगताकडे जातात तेव्हा असंच करतात. काय होतंय ते सांगायचं नाही, भगताने तांदूळ टाकून ओळखायचं. भगताला ते जमतं, कारण त्याला अर्ध्या गावाच्या भानगडी आधीच ठाऊक असतात. डॉक्टर बिचारा परगावचा.

त्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, पट्टी काढली, आणि हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. "छातीखाली अडतंय म्हणता, तर दुर्बिणीने बघून घ्या."

"बघितलंय," मितेश म्हणाला.

"मग त्याचा रिपोर्ट?"

"घरी राहिला."

रिपोर्ट त्याच्याच काखेतल्या रेग्झिनच्या बॅगेत होता. हे पुढे देवरामनेच हौसाला सांगितलं, हसत हसत, आणि हसता हसता त्याला उचकी लागली ती अर्धा तास थांबली नाही.

घरी पेढे आले. "हार्ट एकदम ओके. पथ्याचा गुण," जावयाने जाहीर केलं. मुळात हृदयाचा आजार होता म्हणून पथ्य, आणि हृदय ठणठणीत निघालं म्हणून पथ्याचा गुण. असा हिशेब फक्त जावयालाच सुटतो. देवरामला पेढा गिळता येईना. हौसाने तो दुधात विरघळवून चमच्याने भरवला. त्यातलाही निम्मा परत आला.

मग रिपोर्ट धाऊ गुरुजींना दाखवला. दाखवायचा तर होताच, आणि इंग्रजीत गुरुजींना डावललं असं कुणी म्हणायला नको. गुरुजी रिटायर झालेले, सरळ मनाचे, स्वच्छ धोतराचे. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. त्याचं 'ए'पासून 'सी'पर्यंतचं अंग वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे 'सी'पर्यंतचा कुठलाही रोग पाड्यात कुणाला होत नसे. एडिनो 'ए'त गेला, कार्डिया 'सी'त गेला, आणि तो कार्सि-बिर्सिही 'सी'तच वाळवीच्या पोटात. गुरुजींनी चष्मा सावरून पुढची ओळ धरली.

"न्यूरोएंडोक्राइन फीचर्स," ते म्हणाले, आणि पानं उलटली. "न्यूरो म्हणजे मज्जातंतूविषयक. एंडो... एंडोक्राइन यात नाही. एंडाव आहे. देणगी देणे."

"म्हंजे काय, गुरुजी?" हौसाने विचारलं.

गुरुजींनी बराच वेळ कौलांकडे बघितलं. "मज्जातंतू म्हणजे मेंदू, हौसाबाई. देवरामचं दुखणं मेंदूत आहे. पोटात अडतं असं त्याचा मेंदू त्याला सांगतो. खरं तर काही अडत नाही."

हौसाच्या हातात पेजेचं भांडं होतं, त्याच मेंदूने मघाशी परत पाठवलेलं. तिने ते गुरुजींच्या नाकासमोरून नेऊन अंगणात ओतलं. गुरुजींना वास आला असावा, पण तो कोशात नव्हता.

चार दिवसांत पाडाभर झालं, देवरामच्या डोक्यात गेलंय. माणसं येऊन त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागली, म्हैस पाणी पीत नसली की तिच्याशी बोलतात तशी. चुलत भावजय लहानी समोर उकिडवी बसली. "भावजी, मी कोण? वळखलं का?"

"वळखलं गो. आमची कोयती नेलीस ती दोन साल झाली, तीच ना तू?"

लहानी उठून गेली. दुसऱ्या दिवशी कोयती आली. एवढा एक फायदा त्या मज्जातंतूने करून दिला.

बाकी डोक्याला सकाळ-संध्याकाळ ब्राह्मीचं तेल, आणि पोटाला पेज, तीही आता घोटाघोटाने. करगोट्याला तिसरी गाठ पडली. हौसा बोटं लावून दोरा मोजायची ती आता मोजेना. शेजारची बारकी एकदा म्हणाली, "वहिनी, परत त्या नळीवाल्याकडं का नाय नेत?" हौसा म्हणाली, "जावयाला वाईट वाटंल." बोलून गेली आणि आपलंच वाक्य तिच्या कानात परत आलं. नवरा वाळून काठी झाला होता, आणि काळजी कुणाची, तर जावयाला वाटेल त्याची.

पौषात म्हसोबाच्या जत्रेला लेक-जावई आले. जावयासाठी मटण आलं, बरोबर बोकडाच्या पोटाची वजडीही. हौसा न्हाणीच्या दगडावर ती धुवायला बसली. गरम पाणी, मीठ, नखाने खरवडणं. हजारदा केलेलं काम, हात आपसूक चालत होते. उलटीसुलटी करताना तिचा अंगठा पिशवीच्या तोंडात गेला. तिथे वरून अन्नाची नळी येऊन मिळते, मांस जाड होतं, वळी पडते. अंगठा तिथेच थांबला. ही एवढी चिंचोळी जागा. इथे शेंगदाण्याएवढं काही उगवलं तरी वरचं खाली जायचं नाही.

तिने हात धुतले, फडताळ उघडलं आणि तो दुसरा कागद काढला, नळी घातली त्या दिवशी दिलेला. त्यावर अक्षरं थोडी होती म्हणून कुणीच तो वाचला नव्हता. मधोमध एक छापील चित्र होतं, वाकड्या वांग्यासारखी पिशवी, वरून नळी आलेली. आणि पिशवीच्या तोंडाशी डॉक्टरांनी पेनाने मारलेली फुली. बोकडाचं पोट वेगळं नि माणसाचं वेगळं, पण तोंड ते तोंडच. हौसासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाच काय, शाळेचा उंबरा न बघितलेल्या बाईलाही ती फुली वाचता आली असती.

ती आतल्या खोलीत गेली. "कुठं अडतं, बोट ठेवा."

देवरामने बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली बोट ठेवलं. तिने कागद त्याच्या पोटावर धरला. फुली बोटाखाली आली.

"रिपोर्टाला दोन महिने झाले," देवराम म्हणाला.

पडवीत जावई हाड चोखत होता. हौसाने कागद ताटापासून हातभर लांब धरला. "जावयबापू, ह्या चित्रात हृदय कुठं हाय?"

"ती नुसती आकृती असते, मामी. त्यात वाचण्यासारखं काय नसतं."

"हां. तुमी अक्षरं वाचता." तिने त्याला आणखी रस्सा वाढला. पाहुण्याला उपाशी उठवायचं नसतं, मग तो कसाही असो.

लेक-जावई रात्रीच मुरबाडला परतले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती देवरामला घेऊन निघाली. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची जीप भरेपर्यंत थांबावं लागलं. लेकीचं घर तिथून हाकेवर, पण ती जीपमधून उतरली नाही. मुरबाडवरून जाऊन लेकीच्या दारात पाय न ठेवणं म्हणजे जावयाच्या तोंडावर दार लावण्यासारखं, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती खिडकीकडेला बसली, दिसेल अशी. आणि मितेशला ती दिसलीच. कामावर जाता जाता त्याने मोटारसायकल आडवी घातली.

"मामी, मुरबाडात येऊन घरी नाय? चाललात कुठं?"

"दाखवायला."

"दाखवला ना. मी बघितला, गुरुजींनी बघितला..."

"आता ज्याने मागितला होता त्याला दाखवते. तो एकटाच राहिलाय."

"मला तरी सांगायचं. लोक बघतात, मामी, बरं दिसत नाय."

"तुमी कामावर जा, जावयबापू. तुमच्या स्टोअरात प्रत्येक डब्यावर नाव लिवलेलं असतं म्हणं. बरं असतं ते."

देवरामने आतून मान काढली. शालीत गुंडाळलेला, डोळेच तेवढे जुने. "माझं हृदय संभाळून नेते हाय ती. तुमी बिनघोर जा."

जीपमधली माणसं हसली. मितेश हसला नाही, पण मोटारसायकल बाजूला घेतली.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, मग वरची तारीख वाचली, मग चष्मा काढला. "मी म्हटलं होतं, लगेच दाखवा."

"दाखवला की," हौसा म्हणाली. "जावयाला दाखवला, गुरुजींना दाखवला. तालुक्यात कोण उरलं नाय. तुमीच राहिलात."

डॉक्टरांना राग येणार होता, तो आला नाही. त्यांनी देवरामला झोपवून पोट दाबून बघितलं, गळ्याच्या कडेला बोटं फिरवली.

"क्यान्सर हाय का?" देवरामने झोपल्या झोपल्या विचारलं.

"हो. जठराच्या वरच्या तोंडाशी."

"बग हौसे. केवढा सोपा शब्द. दोन महिन्यांत एकाला वाचता नाय आला."

"मग हृदयाचं नाव कशाला लिवलंय त्यात?" हौसाने विचारलं.

"त्या जागेला कार्डिया म्हणतात. हृदयाच्या शेजारी आहे म्हणून जुन्या लोकांनी तसं नाव ठेवलं."

"शेजाऱ्याचं नाव ठेवायचं असतं का? टपाल चुकणारच मग."

डॉक्टरांच्या ओठाची कड हलली. मग त्यांनी दुसरी ओळ समजावली. या गाठीत दोन स्वभावांच्या पेशी दिसतात. काही जठराच्या नेहमीच्या गाठीत असतात तशा. आणि काहींचं रूप वेगळं, थोड्या मज्जातंतूच्या वळणाच्या, थोड्या अंगात रस सोडणाऱ्या ग्रंथीच्या. साध्या रंगात त्या नीट ओळखू येत नाहीत, नुसता संशय येतो. म्हणून रिपोर्टात 'फीचर्स' लिहिलंय. तुकडा लॅबने मेणात घालून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा. तिथे खास रंग लावतील, मग कळेल कोणत्या पेशी किती. त्यावर औषध ठरेल.

हौसा ऐकता ऐकता पदराच्या टोकाला पीळ देत होती. "बेण्यात रानभात मिसळतं तसं."

"कसं?"

"रोप सारखं दिसतं, हिरवंपण सारखं. खुरपणारीला कळत नाय. लोंबी आली, कुसळ दिसलं की मग कळतं, ह्ये आपलं नव्हं. आणि ते आपल्या भाताच्या आधी पिकतं. कोयता लागायच्या आधी चिखलात झडून मोकळं. पुढल्या साली दुप्पट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हो. तसंच."

"मग ह्ये झडलं असंल का? दोन महिन्यांत?"

आता डॉक्टरांनी पूर्ण वाक्य बोलावं म्हणून ती थांबली. ते पूर्ण बोलले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. "ही जात घाईची असते, मावशी. तपासण्या झाल्याशिवाय नक्की सांगत नाही. पण दोन महिने थोडे नसतात."

देवराम शर्टाची बटणं लावत होता. "गाठ घाईची आणि जावई निवांत," तो म्हणाला. एक बटण त्याला लागेना. हौसाने लावलं.

संध्याकाळी लेक-जावई धावत पाड्यावर आले. हौसाने क्यान्सर शब्द एकदाच उच्चारला. नम्रता भिंतीला टेकून खाली बसली. मितेशचा चेहरा उतरला, तो खरोखरच उतरला. पण पुढे हौसा म्हणाली, "लॅबमधून ब्लॉक काढून मुंबईला न्यायचाय," आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यावरही एक दिवा लागला.

"ब्लॉक? मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, ब्लॉक हाय."

नम्रताने नवऱ्याकडे नुसतं बघितलं, नवीन भांड्याला पहिला पोचा पडतो तेव्हा बघतात तसं.

खोटं का बोला, पुढे तो धावला खूप. मेणाची ती वडी छातीशी धरून मुंबईला नेली, रांगांत उभा राहिला, ऑपरेशनला बाटलीभर रक्त दिलं. रक्ताला इंग्रजी लागत नाही. खास रंगात निम्म्याच्या वर पेशी त्या दुसऱ्या जातीच्या निघाल्या. आधी सलाइनमधून औषधं दिली, देवरामचे केस गेले, आणि ब्राह्मीच्या तेलाचा तो उरलासुरला उपकारही गेला. जेठात ऑपरेशन झालं. जठराचा वरचा भाग आणि नळीचा तुकडा काढून उरलेलं वर ओढून जोडलं. मग हौसा त्याला दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने भरवू लागली. पहिल्यांदा मऊ भात अडल्याशिवाय खाली गेला तेव्हा देवराम हातातली वाटी बघत बसला होता. "गेला," तो म्हणाला. हौसा उगीचच चुलीत फुंकर मारायला वळली. चूल तर पेटलेलीच होती.

आश्विनात तो बांधावर उभा राहिला, काठी टेकत. भात लोंब्यांवर आलं होतं. मध्येच लांब तांबूस कुसळांची ताटं डोकी काढून उभी. त्याने वाकून एक उपटलं, मुळासकट, आणि हौसाच्या हातात दिलं.

"हे घे, तुझं न्यूरो."

ती उपटत पुढे निघाली, तो मागून काठीने दाखवत होता, ते तिकडं, ते त्याच्यापलीकडं. भारा हातात मावेना तेव्हा ती थांबली. "त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं," ती म्हणाली. "पडवीत. साखर आणाया गेले मी."

देवरामने काठी चिखलात रोवली. "मी तरी कुठं बोललो? पोट तर माझंच होतं." मग थोड्या वेळाने, "त्या कोपऱ्यात एक राह्यलं बग. तुला दिसत नाय का आता?"

एक राहिलंच होतं. माघात काविळीने डोळे पिवळे झाले, गाठ यकृतात झडली होती. फाल्गुनात, शिमग्याला आठ दिवस असताना, भर दुपारी हौसाच्या हातचं दोन चमचे पाणी पिऊन देवराम गेला. पाणी अडलं नाही. किन्हवलीच्या डॉक्टरांनी येऊन बघितलं आणि मृत्यूचा कागद लिहून दिला.

बाराव्याला पडवीत माणसं बसली होती. भावकी होती, धाऊ गुरुजी होते, भिंतीकडच्या पाटावर जावई होता. पंचायतीत नोंद करायची म्हणून कुणीतरी डॉक्टरांचा तो कागद आणला, आणि इंग्रजी होता म्हणून सवयीने मितेशच्या हातात दिला. त्याने दिसायचं पेन काढलं, ओळीखाली धरलं. एका शब्दावर थांबला.

"कार्डिओ," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्याने, "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. मामी, बघा. डॉक्टरांनी स्वतः लिवलंय. शेवटी हार्टच निघालं. मी पहिल्याच दिवशी..."

गुरुजींनी मान डोलावली, कारण 'सी' त्यांच्याकडे नव्हतंच. सगळे हौसाकडे बघायला लागले. जावयाचा शब्द होता, आणि तो अजून हवेत होता.

"बरोबर हाय जावयबापू," हौसा म्हणाली. आवाज तिचा साधाच होता, रस्सा वाढताना असायचा तसा. "हृदयच बंद पडलं त्यांचं. मेल्यावर माणसाचं बंद पडतं ते. तुमच्या दुकानात नसंल बोललं कुणी."

मागे लहानीला ठसका लागला. मितेशने पेन खिशात घातलं, ते चुकून लिहायच्या पेनाच्या जागी गेलं. तेव्हा आतून नम्रता आली. तिने हात पुढे केला.

"अहो, द्या तो कागद इकडं."

"कशाला? मी नेतो ना..."

"द्या." तिने तो त्याच्या बोटांतून काढून घेतला, दुमडला, कमरेला खोचला.

"कुठं निघालीस?"

"पंचायतीत. दाखवायला." ती पायरी उतरली, चपला पायात सरकवल्या आणि मागे वळून आईकडे बघत म्हणाली, "ग्रामसेवकाला. वाटेत दुसऱ्या कुणाला नाय."